रूट 66 ची भित्तिचित्रं: विटांवर रंग टिकतो कसा?

चुनाविटा: अमेरिकेतल्या रूट 66 या जुन्या महामार्गावरच्या, इलिनॉय राज्यातल्या पाँटिअ‍ॅक या छोट्या गावात 2009 साली वॉलडॉग्ज या पाटी-रंगाऱ्यांच्या गटाने काही दिवसांत दीडेक डझन भिंती रंगवल्या. एवढ्या वेगात चित्र भिंतीवर उतरवतात कसं? आणि विटेवरच्या रंगाला पोपडे का धरतात?

कुंचला: वेग सगळा तयारीत असतो. चित्र पूर्ण मापात कागदावर काढायचं, रेषांवरून दातेरी चाक फिरवून भोकं पाडायची आणि मागून सँडपेपर मारायचा, नाहीतर भोकं बुजलेलीच राहतात. कागद भिंतीला लावून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटली की ठिपक्यांची रेघ उमटते. कागदांच्या जोडांवर फुल्या हव्यातच; रूट 66 च्या ढालीच्या आकाराच्या खुणेतला 6 बोटभर सरकला तरी रस्त्यावरून खुपतो.

ओलगळ: पोपड्यांना बहुतेक वेळा रंग नव्हे, पाणी कारणीभूत. वीट पाणी पिते. वर बंद थर असला की ते मागून रंग ढकलतं, लोणा (पांढरा क्षार) येतो. तिकडच्या थंडीत पाणी गोठलं की विटेचा दर्शनी पापुद्राच सुटतो. आधी गळकी पन्हळ बघा. जुन्या मऊ विटांच्या सांध्यांत चुन्याचा मसाला भरा, निव्वळ सिमेंट नको. मग श्वास घेणारा, म्हणजे आतली ओल बाहेर जाऊ देणारा सिलिकेट (खनिज) रंग. अ‍ॅक्रिलिकच वापरायचा तर 10 अंशांखाली डबा उघडूच नका.

कुंचला: आणि सिलिकेट जुन्या ऑइलपेंटवर धरत नाही, तो आधी पूर्ण काढावा लागतो.

उन्हाळी: रूट 66 ची ढाल काळी-पांढरी, म्हणून ऊन सोसते. स्वस्त लाल-पिवळे मात्र आधी उडतात. दक्षिणेकडच्या भिंतीवर गेरू, पिवडी असले मातीचे रंग घ्या.