फुलांच्या निमित्तानं बघितलेला मुलूख: तुमचे अनुभव लिहा

टिळकवाडीची
2025 च्या ऑगस्टमध्ये बेंगळूरच्या लालबागेतल्या पुष्पप्रदर्शनाला गेले होते. विषय इंग्रजांशी लढलेली कित्तूर राणी चन्नम्मा आणि तिचा शूर साथीदार संगोळ्ळी रायण्णा. काचघरात कित्तूरचा किल्ला फुलांनी उभा केलेला. शेजारच्या बाई मुलाला म्हणाल्या, हे कित्तूर कुठं आलं रे? मीच सांगितलं, बेळगावहून धारवाडच्या वाटेवर, तासाभराचं अंतर. त्यांनी लगेच फोनवर नकाशा उघडला. बाबा आम्हाला बेळगावच्या ह्यूम पार्कातल्या फळाफुलांच्या प्रदर्शनाला न्यायचे, ते दिवस डोळ्यांपुढं आले. परदेशातल्या मोठ्या प्रदर्शनांतही आपला भाग असा मांडता आला तर किती माणसं येतील! फुलांमुळं तुम्ही कुठला मुलूख बघितलात?

खानापूरकर
नंदगडला बेंगळूरच्या गाड्या येतात की. रायण्णाला 1831 ला फाशी दिली ती जागा बघतात आणि परत हायवेला लागतात. जवळच हलशी, कदंबांच्या वेळची देवळं, तिकडं कोण वळत नाही. लालबागेत किल्ल्याशेजारी हलशीचा एक फोटो लावायचा होता.

शहापूरची आजी
लेकीकडं लंडनला होते तेव्हा चेल्सीचा फुलांचा शो बघितला. मे महिन्यात असतो, 1913 पासून त्याच जागी भरतो म्हणे. तिथं ग्रेनाडाचा स्टॉल. कॅरिबियन समुद्रातलं बेट, आपल्या खानापूर तालुक्याहून लहान! अँथुरियम, हेलिकोनिया, जायफळ, सगळं तिकडचं. कितीतरी वेळा सुवर्णपदक मिळवलंय त्यांनी. जावई तिथंच म्हणाले, पुढची सुट्टी ग्रेनाडाला. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

निपाणीचा
आजी, जावयांना आधी गोकाकचा धबधबा दाखवा 😀

शहापूरची आजी
दाखवला हो. त्यांना तिथली मिठाई, करदंटच जास्त आवडला.

जरबेरावाला
माझं पॉलीहाऊस आहे, म्हणून नेदरलँड्समधल्या क्युकेनहॉफबद्दल वाचत असतो. 1950 ला लोकांसाठी उघडलेली बाग. दरवर्षी थंडीआधी ट्यूलिपसारख्या फुलांचे सुमारे 70 लाख कंद हातानं लावतात, आणि बाग उघडी राहते जेमतेम आठ आठवडे. तेवढ्यात दहा लाखांहून जास्त माणसं. कंद उत्पादक फुकट देतात, कारण बघायला आलेला माणूस मालाची ऑर्डर देऊन जातो. म्हणजे पर्यटन आणि शेतकऱ्याचा धंदा एकाच वाफ्यात. आमचा जरबेरा गाडीत भरला की गेला, लग्नाच्या मांडवात कुणाला माहीत की हे फूल बेळगावचं? परदेशी स्टॉल लागला तर आधी आमच्या बॉक्सवर गावाचं नाव हवं.

निपाणीचा
दर काय चाललाय सध्या?

जरबेरावाला
लग्नसराई आली की बरा. आता विचारू नका.

जांबोटीची
मला थोडं वेगळं म्हणायचंय. आमच्याकडं पावसाळा सरताना तेरडा, सोनकी, कळलावी, नजर ठरत नाही. कारवी तर सात वर्षांनी एकदाच फुलते. ही फुलं उपटून स्टॉलवर न्यायची नाहीत, आणि जाहिरात करून सगळ्यांना एकदम रानात आणायचंही नाही. कास पठार 2012 ला जागतिक वारशात गेलं, मग गर्दी इतकी झाली की रोज किती जणांना सोडायचं ते ठरवावं लागलं. भीमगडच्या रानाशेजारी राहणाऱ्यांना धाकधूक वाटते. आधी गावातली पोरं वाटाडे म्हणून तयार करा, गाड्या कुठं थांबणार ते ठरवा. मग खुशाल लंडनला जा.

टिळकवाडीची
अगदी पटलं. कणकुंबीकडं जाताना रस्त्यावर उभ्या गाड्या बघून मलाही असंच वाटतं.

नवी सून, वडगाव
मी पुण्याची, लग्न होऊन इथं आले. बेळगाव म्हणजे कुंदा एवढंच माहीत होतं. इथल्या किल्ल्यातलं जैन देऊळ, कमल बस्ती, बघितलं, छताचं कमळ डोळ्यांसमोरून हलत नाही. प्रदर्शनात ते दगडाचं कमळ फुलांनी करता येईल ना? आणि हलशीला बसनं जाता येतं का? सासूबाईंना न्यायचंय.

खानापूरकर
येतं की. खानापूर स्टँडवर हलशीची गाडी विचारा. सकाळीच निघा, दुपारी गाड्या कमी. जेवणाचा डबा घरूनच घ्या.