चार वर्षांच्या मुलीला नाटकाला नेताना कुठे बसावं?

प्रश्न: ठाण्यात घाणेकर नाट्यगृहात बालनाट्य आहे. पहिली रांग काढू का?

उत्तर १: नको. मान वर करून बसावं लागतं, स्पीकरही जवळ. सहावी-सातवी रांग, कडेची खुर्ची. दुमडणाऱ्या खुर्चीत हलकं मूल मागे सरकलं की बैठक मिटते, पाय वर! पाठीमागे चादरीची घडी ठेवून पुढच्या कडेकडे बसवा.

उत्तर २: रडू फुटतं ते अंधाराला, राक्षसाला नंतर. तिसरी घंटा झाली की दिवे जातात हे घरीच सांगा. शू दुसऱ्या घंटेआधी. कुरकुरे मध्यंतरातच, पिशवीचा आवाज रंगमंचापर्यंत जातो.

उत्तर ३: रडलीच तर लगेच बाहेर न्या. 'गप्प बस' कुजबुजण्यानेच जास्त त्रास होतो.