तातडीने मदत हवी आहे: कलम २४ सांगून अर्ज फेटाळला, मंगळवारी मुदत संपतेय

रावपुरा_७९ · शुक्रवार, रात्री ९.१०
नमस्कार मंडळी. माहिती अधिकाराचा अर्ज फेटाळला गेलाय. उत्तरात एकच वाक्य आहे, कलम २४ मुळे माहिती देता येत नाही. मला इशारे हवेत, निदान त्यांच्या तारखा तरी. अपिलात काय लिहायचं ते माहीत असेल त्यांनी कृपया लगेच सांगा. वकील गाठा असं सांगू नका. दोघांकडे जाऊन आलो, दोघंही सोडून द्या म्हणाले.

नर्मदाकाठ · ९.२४
आपल्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुराचे इशारे का? २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. कलम २४ गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांना सूट देणारं आहे, पुराला ते लागूच होत नाही. अर्ज कोठीत (कलेक्टर कचेरीत) दिलात की पालिकेत? गुजरातमध्ये फी २० रुपये आहे, ती पूर्ण भरली होती ना?

रावपुरा_७९ · ९.३१
पुराचं नाही हो. २६/११ चं. अतिरेकी हल्ल्याआधी जे इशारे आले होते त्यांचं. अर्ज दिल्लीला गेला होता.

मांजलपूरकर · ९.४०
दादा, नीट सांगा, त्याशिवाय कोणी काय सांगणार? अर्ज कोणत्या खात्याकडे होता, शब्दशः काय मागितलं होतं, उत्तर हातात कधी पडलं? पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं असतं.

रावपुरा_७९ · ९.५८
खात्याचं नाव इथे लिहीत नाही. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सूट असलेल्या संस्थांच्या यादीत, ते आहे. मागितलं होतं ते असं: ‘मुंबईवरील हल्ल्याआधी मिळालेल्या सर्व सूचनांच्या प्रती द्याव्यात.’ उत्तर मिळून २६ दिवस झाले. माझे मामा त्या रात्री सीएसटीला नातेवाइकांना सोडायला गेले होते आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्येच मारले गेले. मामी आता ७८ वर्षांच्या आहेत. त्यांचा एकच प्रश्न आहे, स्टेशनबद्दल कोणाला आधी काही कळलं होतं का.

अलकापुरी_वासी · १०.०५
फार वाईट वाटलं. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज केलात का? तिथे भरपाई मिळते, मृत्यूचा दाखला आणि वारस म्हणून...

रावपुरा_७९ · १०.०८
भरपाई मिळाली आहे, तो विषय नाही. कृपया मूळ प्रश्नावर बोला.

जुना_दस्तऐवज · १०.२२
माझं मत ऐका, थांबा. कलम ८(३) प्रमाणे २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती द्यावीच लागते. नोव्हेंबर २०२८ मध्ये अर्ज करा, कोणी अडवू शकणार नाही.

मांजलपूरकर · १०.३०
पूर्ण वाचा हो. त्याच पोटकलमात अपवाद आहेत. देशाच्या सुरक्षेचं ८(१)(अ), विधिमंडळाच्या हक्कभंगाचं, मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांचं, हे तिन्ही २० वर्षांनंतरही लागू राहतात. ७८ वर्षांच्या बाईंना २०२८ पर्यंत थांबायला सांगायचं, आणि तेही चुकीच्या आधारावर!

जुना_दस्तऐवज · १०.४१
सार्वजनिक अभिलेख नियम, १९९७ सुद्धा आहेत. गोपनीय कागद दर पाचव्या वर्षी तपासून त्यांचा दर्जा खाली आणता येतो का, ते बघायचं असतं. तेवढं तरी झालं का, ते विचारता येईल. शिवाय हे नियम केंद्राच्या कागदांना लागतात, राज्याच्या नाही. आणि हेंडरसन ब्रूक्स अहवाल बघा, १९६२ च्या युद्धाचा. तो अजून...

सिग्नलवाले_काका · १०.५५
१९६२ कशाला काढता? मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये २२ वर्षं होतो. एक ओळ उघडी पडली तरी ती कुठून आली ते समोरच्याला कळतं. तारीख आणि वेळ दिली की कोणाचा फोन ऐकला जात होता ते तो ओळखतो, आणि आपला माणूस तिकडे मारला जातो. मामींचं दुःख मला समजतं, पण यात हट्ट करू नका.

टोरांटोची_सून · ११.१२
काका, तुमची भीती खरी आहे, पण मूळ कागद उघड करण्याखेरीज दुसरी वाट आहे. इथे कॅनडात एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातल्या बॉम्बस्फोटाच्या चौकशीत हाच वाद झाला. २३ जून १९८५ ला ३२९ माणसं गेली आणि न्यायमूर्ती जॉन मेजर यांचा आयोग नेमला गेला २००६ मध्ये. सरकारने इतक्या ओळी काळ्या करून कागद दिले की २००७ च्या सुरुवातीला त्यांनी काम थांबवण्याचा इशारा दिला, मग बरंच काही मोकळं झालं. त्यातूनच एअर इंडियाचा १ जून १९८५ चा टेलेक्स सगळ्यांसमोर आला. वेळ लावून फुटणारी उपकरणं विमानात ठेवली जातील, असं त्यात होतं. पोलिसांना तो मिळाला होता, त्यांनी तो तिथल्या गुप्तचर संस्थेला दिलाच नाही. स्रोत न सांगताही हे कळू शकलं. माझ्या शेजारच्या काकूंची बहीण त्या विमानात होती, त्या सुनावणीला रोज जात.

सिग्नलवाले_काका · ११.२०
तिथे न्यायमूर्ती होता, आयोग होता. इथे कोण आहे?

टोरांटोची_सून · ११.२६
मँचेस्टरचंही तसंच झालं. २०१७ च्या स्फोटात २२ जण गेले. न्यायाधीशांनी गुप्तचर अधिकाऱ्यांना बंद दाराआड ऐकलं आणि मार्च २०२३ मध्ये त्याचं सार छापलं. मिळालेली माहिती नेमकी काय होती ते आजही उघड नाही, पण मोठी संधी हुकली हे त्यांनी स्पष्ट लिहिलं.

मांजलपूरकर · ११.४०
काकांचा प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे ३० डिसेंबर २००८ ला महाराष्ट्र सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. ती चौकशी आयोग कायदा, १९५२ खाली नव्हती आणि केंद्रीय संस्थांची चौकशी तिच्या कक्षेत नव्हती. रावपुरा दादा, तो अहवाल वाचलात का? डिसेंबर २००९ मध्ये तो विधिमंडळात मांडला गेला. आधी आलेल्या इशाऱ्यांवर त्यात लिहिलेलं आहे.

रावपुरा_७९ · ११.५२
वाचलाय, दोनदा. त्यावरूनच अर्ज केला होता. हे आधी लिहायचं राहिलं.

न्यायमंदिराजवळ · शनिवार, सकाळी ७.१५
हे वाचून रात्री कायदा पुन्हा काढला. कलम २४(१) चे शब्द बघा. या संस्था आणि त्यांनी ‘त्या सरकारला’ दिलेली माहिती, म्हणजे केंद्र सरकारला दिलेली. राज्याच्या पोलिसांना पाठवलेला इशारा त्या शब्दांत बसत नाही असं माझं वाचन आहे. म्हणून पाठवणाऱ्याला विचारू नका, ज्याला मिळाला त्याला विचारा. सीएसटीसाठी दोघं आहेत, महाराष्ट्राचे लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल. रेल्वे सुरक्षा दल दुसऱ्या अनुसूचीत नाही. ते ८(१)(अ) सांगतील, पण तिथे तुम्हाला ८(२) मधलं सार्वजनिक हित मांडता येतं आणि कलम १० प्रमाणे नाव-स्रोत झाकून उरलेलं मागता येतं. कलम २४ च्या भिंतीपुढे यातलं काहीच चालत नाही. ‘सर्व प्रती’ मागू नका. स्टेशनचा उल्लेख असलेली सूचना आली का, कोणत्या तारखेला, त्यावर बंदोबस्त बदलला का, एवढंच. महाराष्ट्रात १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे. तिथला कोर्ट फी स्टॅम्प आपल्याकडे मिळत नाही, १० रुपये ऑनलाइन भरा.

मांजलपूरकर · ७.४८
पटलं. पण मंगळवारचं अपील सोडू नका. कलम २४ मध्येच मानवी हक्कभंगाच्या आरोपाचा अपवाद आहे. तसा आरोप स्पष्ट लिहा. त्यात केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि ४५ दिवसांची मुदत आहे.

न्यायमंदिराजवळ · ७.५५
त्यात वेळ जाईल, हाती काही लागणार नाही.

मांजलपूरकर · ७.५७
लागो न लागो, नोंद राहते. केंद्राकडच्या पहिल्या अपिलाला फी पण नाही.

सिग्नलवाले_काका · ८.३०
नुसती तारीख आणि बंदोबस्त विचारताय, त्याला माझा विरोध नाही. तास-मिनिटं मागू नका. मसुदा दाखवा, मी वाचून देतो.

रावपुरा_७९ · ८.४४
अपील सोमवारी ऑनलाइन टाकतो. रेल्वे सुरक्षा दलाचा अर्ज आता लिहायला घेतलाय, काका, तासाभरात इथे टाकतो. मामींच्या नावाने द्यावा की माझ्या? सही त्यांना करता येते, पण उत्तर त्यांच्या दारात आलं तर त्या एकट्याच असतील.