कानातल्या मळासाठी थेंब टाकल्यावर ऐकू येणे आणखी कमी झाले. थेंब चालू ठेवावेत का?

प्रश्न : वसमत, जि. हिंगोली

नमस्कार. आमचे आप्पा 71 वर्षांचे असून त्यांना दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या आठवड्यात हळद पॉलिश करण्याचे काम उरकल्यावर त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली आणि त्याच संध्याकाळी उजव्या कानात दडा बसल्याची तक्रार सुरू केली. औषधाच्या दुकानात सांगितल्यावर मळ मऊ करणारे थेंब मिळाले. दिवसातून तीन वेळा तीन-तीन थेंब टाकण्यास सांगितले होते. दोन दिवस झाले, पण दडा सुटण्याऐवजी वाढला आहे आणि आता त्या बाजूने बोललेले त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाही. शेजारचे काका लसूण टाकून कडवलेले तेल सोडा म्हणतात. आप्पा स्वतः आगकाडीला कापूस गुंडाळून बसले होते, ती मी काढून घेतली. थेंब बंद करावेत की चालू ठेवावेत, मळ आपोआप बाहेर येतो का आणि हळदीच्या धुळीमुळे असे झाले असेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : सेलू, जि. परभणी

ताई, थेंबांचा विचार करण्याआधी आप्पांना एक गोष्ट विचारून घ्या. लहानपणी किंवा नंतर कधी त्यांचा कान फुटला होता का, म्हणजे कानातून पू किंवा पाणी वाहत होते का? माझा डावा कान शाळेत असताना दर पावसाळ्यात वाहायचा. पुढे तो कोरडा झाला आणि मी ते विसरून गेलो. चार वर्षांपूर्वी असाच दडा बसल्यावर मी कोणालाही न दाखवता थेंब आणून टाकले. मिनिटभरात घशात कडवट चव उतरली, कानात आग झाली आणि खाटेवरून उठताना भोवळ आली. पडद्याला जुने छिद्र होते आणि औषध त्यातून आत गेले होते. पुढचे तीन आठवडे कान वाहत राहिला. औषधाची चव घशात आली, तर थेंब तिथेच थांबवावेत, एवढे मी स्वतः भोगून सांगतो.

उत्तर 2 : कान-नाक-घसा तज्ज्ञ, लातूर

वरील गुरुजींनी विचारलेला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पडद्याला छिद्र असेल, कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल, कान दुखत किंवा वाहत असेल, तर थेंब मुळीच टाकू नयेत. यांपैकी काहीही नसेल, तर तुम्ही लिहिले आहे तसे घडणे अगदी नेहमीचे आहे. कानात घट्ट बसलेला मळ ओलावा शोषून फुगतो. अंघोळीच्या पाण्याने तो थोडा फुगला, थेंबांनी आणखी फुगला आणि उरलीसुरली फटही बुजली. याचा अर्थ औषध उलटले असा नाही. हे थेंब मळ मऊ आणि सुटा करतात. तो बाहेर येणे ही पुढची पायरी आहे. काहींचा मळ आपोआप निघतो, पुष्कळांचा डॉक्टरांना काढावा लागतो.

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत पॅराडायक्लोरोबेंझीन, बेंझोकेन, क्लोरब्युटॉल आणि टर्पेंटाइन तेल यांचे मिश्रण असते. काही ठिकाणी सोडियम बायकार्बोनेटचे थेंब देतात. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात कोणत्याही एका प्रकारचे थेंब दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचे आढळले नाही, त्यामुळे महागडी बाटली शोधत फिरू नका. बेंझोकेनची ॲलर्जी असणाऱ्यांना खाज आणि लाली येते. तसे झाल्यास थेंब बंद करावेत.

टाकण्याची रीत मात्र नीट असावी. बाटली दोन-तीन मिनिटे मुठीत धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी चक्कर येते. आप्पांना डाव्या कुशीवर झोपवून कानाची पाळी वर आणि मागे ओढावी आणि थेंब भोकाच्या मधोमध न सोडता कडेने ओघळू द्यावेत, म्हणजे आतली हवा बाहेर निघते. मग भोकापुढचा कूर्चेचा छोटा उंचवटा बोटाने हलकेच चार-पाच वेळा दाबून पाच मिनिटे तसेच पडून राहू द्यावे. तीन ते पाच दिवस पुरेत. त्यानंतरही दडा राहिला, तर बाटली संपेपर्यंत टाकत बसण्यापेक्षा कान दाखवावा.

धुळीविषयी सांगायचे, तर मळ धुळीने तयार होत नाही. कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागातील ग्रंथी तो तयार करतात. धूळ अडवणे आणि कातडीचे रक्षण करणे हेच त्याचे काम आहे. नळीची कातडी आतून बाहेर सरकत असते आणि मळालाही हळूहळू बाहेर आणते. आगकाडी, हेअरपिन किंवा कापसाची काडी ही वाहतूक उलटी फिरवते आणि मळ पडद्यापाशी ठासते. बाजारात कानकोरणे घेऊन फिरणाऱ्यांकडून कान साफ करून घेतल्यामुळे पडदा फाटलेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून तेथे नेऊच नका. लसणाचे तेल तर अजिबात नको. त्याने नळीची कातडी भाजू शकते.

आणखी एक गोष्ट. अचानक एका कानाने ऐकू येणे बंद होते, तेव्हा दर वेळी कारण मळच असते असे नाही. नसेचा बहिरेपणाही असाच एका दिवसात येतो आणि त्यावरचे औषध पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच बरे होण्याची शक्यता अधिक असते. आप्पांना तोंड मिटून 'हूं' असा आवाज काढायला सांगा. मळाने दडा बसला असेल, तर तो आवाज बंद कानात मोठा वाटतो. तो चांगल्या कानाकडे गेल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवा. ही घरची चाचणी तपासणीची जागा घेऊ शकत नाही. आप्पांच्या बाबतीत तर आठवडा उलटला आहे, म्हणून पाच दिवस पुरे होण्याची वाट न पाहता कान दाखवावा, हे उत्तम. वसमतहून नांदेड जवळ आहे. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. मधुमेह असल्याचे तेथे आवर्जून सांगा. अशा रुग्णांत पाण्याच्या पिचकारीपेक्षा सक्शनने, म्हणजे बारीक नळीने शोषून, मळ काढणे अधिक सुरक्षित, कारण ओल्या नळीत जंतुसंसर्ग झाला तर तो हाडापर्यंत जाऊ शकतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर : वसमत

डॉक्टरसाहेब आणि गुरुजी, आपले मनापासून आभार. आप्पांचा कान कधी वाहिला नव्हता आणि 'हूं' चा आवाज त्यांना उजव्या कानातच घुमल्यासारखा वाटला. थेंब आपण सांगितलेल्या रीतीने चालू ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी नांदेडला गेलो. सक्शनची नळी लावल्यावर दोन-तीन मिनिटांत चिंचोक्याएवढा काळपट गोळा निघाला; त्याच्या एका टोकाला जुन्या कापसाचे तंतू चिकटलेले होते. पडदा शाबूत आहे. मधुमेहामुळे चार दिवस त्या कानात पाणी जाऊ द्यायचे नाही, असे सांगितले आहे. डाव्या कानातही थोडा मळ दिसला, पण ऐकण्याला अडथळा नसल्याने त्यांनी त्याला हात लावला नाही आणि उरलेले थेंब त्या कानात टाकायचे नाहीत, असेही बजावले.