मदत हवी आहे : आमच्या मोठ्या मुलांना प्रथमोपचार कसे शिकवू?

नमस्कार मंडळी. मी बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या कार्यशाळेत शिकवते. मुलं म्हणतो आपण, पण वयं २२ ते ४५. पणत्या रंगवतात, मसाले पॅक करतात.

गेल्या महिन्यात डबा खाताना एकाच्या घशात घास अडकला. शेजारचा त्याला पाणी पाजायला धावला! मी पाठीत थापा मारून घास काढला, पण त्या दिवशी मी तिथे नसते तर?

तेव्हापासून शिकवतेय. भाजलं की २० मिनिटं नळाखाली धरायचं, हे जमलं. गाणी लावतो, ती संपेपर्यंत हात काढायचा नाही. १०८ लावायलाही जमतं. पण पलीकडून "पत्ता सांगा" आलं की गप्प. आता फोनशेजारी पत्ता मोठ्या अक्षरांत चिकटवलाय, ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय?

घशात अडकल्यावर पाठीत ५ थापा, मग पोटावर ५ दाब, हा क्रम उलटसुलट होतो. उशीवर सराव घेतला तर एकीने उशीलाच "बरं वाटतंय का गं?" विचारलं. (हे मात्र अगदी बरोबर केलं तिने.)

कोणी चित्रांचे तक्ते वापरलेत का? सीपीआरचा (हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचा) सराव करायचा पुतळा मुंबई-पुण्यात भाड्याने मिळतो का? आणि शिकलेलं टिकायला किती दिवसांनी उजळणी घेता?