शब्दचर्चा : शिरेत शिरलेला कर्करोग म्हणजे आक्रमण, शिरकाव की घुसखोरी?

भाषांतरवाली : मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरची माहितीपत्रिका मराठीत करतेय. 'व्हीनस इन्व्हेजन'पाशी, म्हणजे कर्करोगाच्या पेशी शिरेत शिरतात तिथे, गाडी अडलीय. मी 'शिरेवर आक्रमण' लिहिलं, तपासणाऱ्यांनी त्याचं 'नीलेत अंतःप्रवेश' केलं. एका आजींना वाचायला दिलं तर त्यांनी विचारलं, "ही नीला कोण?" काय ठेवू?

फळा_खडू : नीलाच ठेवा. रोहिणी हृदयाकडून रक्त नेते, नीला परत आणते, आमच्या पिढीला हे पाठ आहे. 'शीर' फार ढोबळ. पाठीत शीर चमकते तेव्हा काय नीला चमकते?

काचपट्टी : पॅथॉलॉजिस्ट आहे म्हणून बोलतो. 'आक्रमण' नकोच. पेशी शिरेत शिरतात आणि वाहत जातात, म्हणून 'शिरकाव'. आतड्याच्या स्नायूथराबाहेर, चरबीतल्या शिरेत त्या सापडल्या तर जास्त वाईट, कारण तिथलं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या टॅलबट आणि मंडळींनी 1980 मध्ये गुदाशयाच्या कर्करोगात हे नीट मांडलं.

आळंदीकर : व्वा, म्हणजे 'शीर' हा शब्द 'शिरणे'वरूनच आला! रक्त शिरतं ती शीर.

फळा_खडू : अहो, काहीही काय! संस्कृत 'सिरा', 'शिरा'. सुश्रुतसंहितेत सिरावेधावर अख्खा अध्याय आहे. 'शिरणे'चा संबंध कुठे?

आळंदीकर : सर, कानाला पटतंय ना? मग झालं. आणि 'घुसखोरी' का नको? सगळ्यांना कळतं.

शुद्धमती : 'खोर' फारसी आहे. वैद्यकीय मजकुरात तरी परकं नको. 'अंतःप्रवेश'मध्ये काय वाईट आहे?

आळंदीकर : ताई, 'परकं' चालत नाही तर 'कागद' कशाला वापरता? तोही फारसीच.

वॉर्डातली_सिस्टर : आमच्याकडे नातेवाईक विचारतात, "रोग रगतात गेला का?" हो म्हटलं की ते 'ब्लड कॅन्सर' समजून रडायला लागतात. तेव्हा 'रक्तात' हा शब्द पत्रिकेत नकोच. 'रक्ताच्या शिरेत' लिहा.

भाषांतरवाली : हे फार कामाचं. काचपट्टी, रिपोर्टात 'आढळला नाही' आलं तर त्याचं काय करू?

काचपट्टी : शब्दशः तेच ठेवा, 'शिरकाव नाही' म्हणू नका. गाठीने शीर गच्च भरली की तिची भिंत ओळखूच येत नाही. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात ती साधी गाठच वाटते. इलॅस्टिकचा रंग दिला की भिंतीतले लवचीक तंतू काळे उठतात आणि गाठीभोवती काळं कडं दिसतं. असा रंग दिला की सापडण्याचं प्रमाण दुपटीच्या घरात जातं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सने तर किमान 30 टक्के नमुन्यांत शिरकाव सापडावा अशी अपेक्षा ठेवली आहे. त्याहून फार कमी सापडत असेल तर शोधण्यातच कसर आहे. आणि लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) स्वच्छ असतील तर केमो द्यायची की नाही, ते ठरवताना रिपोर्टातली ही ओळही बघतात. एक खूण सांगतो. रोहिणीशेजारी तिची जोडीची शीर असतेच. नुसती रोहिणी दिसली आणि बाजूला गुळगुळीत कडेची गाठ, तर ती गाठ म्हणजे शीरच समजून इलॅस्टिक मागवायचं. त्या रोहिणीला आम्ही 'ऑर्फन आर्टरी' म्हणतो.

आळंदीकर : पोरकी रोहिणी! काय नाव आहे.

शुद्धमती : पोरकं आईबापाविना. जोडीदार गेलेली 'एकाकी' रोहिणी.

फळा_खडू : एकाकी फार नाटकी वाटतं. 'एकटी' बस. शिवाय शीर गेलेली नाही, तिथेच आहे, फक्त ओळखू येत नाही.

वॉर्डातली_सिस्टर : मग 'पोरकी' तर अजूनच चूक.

आळंदीकर : चूक कसली? गावाकडे नवरा मुंबईला गेला तरी बाई म्हणते, पोरकी झाले.

शुद्धमती : कुठल्या गावाकडे? आमच्या कोकणात अर्धे नवरे मुंबईला होते, मी एकदाही ऐकलं नाही.

भाषांतरवाली : अहो, पत्रिकेत रोहिणी येतच नाहीये...

फळा_खडू : येत नसली तरी 'एकटी'च बरोबर.