पुणे ते आंजर्ले, सोबत कुत्री. वाटेत कुठे थांबू, कुठे फिरवू?

नमस्कार मंडळी, जानेवारीच्या शेवटी तीन दिवस आंजर्ल्याला जायचंय, मी, नवरा आणि आमची मिरी. मिरी म्हणजे इंडी, सहा वर्षांची, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेली, तोरा मात्र राजघराण्याचा. माणसांना काही करत नाही, पण दुसरं कुत्रं दिसलं की अंगात येतं, त्यामुळे लीश सोडायची सोय नाही.

रस्ता ताम्हिणीचाच, म्हणजे पौड, मुळशी, निजामपूर, माणगाव, मग आंबेतवरून मंडणगड. दर दोन तासांनी उतरवलं नाही तर मागे रडारड सुरू होते. गेल्या वेळी घाटात गाडी बाजूला घेतली, दार उघडलं तर समोर माकडं, आणि हिने असा हिसका दिला की माझा खांदा आठवडाभर धरला होता. मग घाटात उतरवायचंच नाही का? वीस मिनिटं निवांत वास घेत हिंडता येईल अशी जागा सांगा. पंपामागचा उकिरडा नको, तो आम्हाला आपोआप सापडतो :)

आणि राहायचं. मागे एका होमस्टेवाल्यांनी फोनवर ‘हो हो, आणा की’ म्हटलं आणि पोचल्यावर कळलं की कुत्री रात्रभर बाहेर विहिरीपाशी बांधायची. शेवटी नवरा तिच्याबरोबर गाडीत झोपला नि मी एकटी खोलीत (झोप छान लागली, पण ते जाऊ दे). फोनवर नक्की काय विचारायचं असतं?

प्रतिसाद १
ताम्हिणीत अभयारण्य आहे, झाडीत कुत्रं नेऊच नका. माकडांना लोकांनी वेफर्स घालून इतकं सोकावून ठेवलंय की गाडी थांबली की ती येणारच. त्यापेक्षा घाटाच्या आधी मुळशीकडे एखाद्या गावाच्या फाट्याला आत वळा, भात कापून झालेला असतो, रिकाम्या खाचरांतून बांधाबांधाने चालवा. घाट उतरल्यावर निजामपूरच्या पुढेही तसंच, फक्त तिकडे भातानंतर वाल पेरतात, ती शेतं सोडा आणि कुणी दिसलं तर विचारून घ्या. पहाटे निघत असाल तर रात्रीचं जेवण पुरे, निघताना खायला घातलंत तर घाटात गाडी धुवावी लागेल.

प्रतिसाद २
मी दापोलीचा. एक गोष्ट कळकळीने सांगतो, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि तुम्ही बरोब्बर हंगामात येताय. कुत्री घरटी उकरतात म्हणून तर अंडी उचलून जाळीच्या कुंपणात नेऊन ठेवतात. मादी रात्री वर येते, तेव्हा अंधारात किनाऱ्यावर मिरीला नेऊ नका. उन्हं वर आल्यावर, ओहोटीला, ओल्या वाळूत लीशवर खुशाल फिरवा. जाळ्यातून टाकलेला केंड मासा कुठे पडलेला असेल तर तोंड घालू देऊ नका, विषारी असतो. खारं पाणीही पिऊ देऊ नका, जुलाब होतात, गोडं पाणी बरोबर ठेवा.
घरमालकाला दोनच गोष्टी विचारा, कुत्री खोलीत झोपणार, चालेल का, आणि तुमची कुत्री-कोंबड्या मोकळ्या असतात का. उत्तर व्हॉट्सॲपवर घ्या. चादर आपली न्या, परत आल्यावर गोचीड बघा.

धागाकर्ती
केंडाचं माहीतच नव्हतं, बापरे. कोंबड्यांचं विचारतेच, त्या बाबतीत हिचा इतिहास काही बरा नाही. कड्यावरच्या गणपतीला आळीपाळीने जाऊ. पण ओहोटी कधी ते कसं कळणार?

प्रतिसाद २
तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी. घड्याळ थोडं मागेपुढे होतं, पण मिरी काही वेळ लावून बसणार नाही.